केनियाच्या वेळेचं घड्याळ

माय, मी एक घड्याळ घेतलंय. मनगटावरचं, सेलवर चालणारं, एकाच डबीत दोन देशांच्या वेळा दाखवणारं. विमानानं फिरणारे लोक वापरतात तसलं. आणि मी कुठंही जाणार नाहीये. फार तर जळगावहून धुळ्याला, नाहीतर भुसावळहून गाडी पकडून पुण्याला लेकीकडे. तरी घेतलं. कशासाठी घेतलं ते दुकानदाराला सांगितलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही, तिनं पिशवी बघूनच ओळखलं. तुला सांगायला बसलोय, कारण तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यापुढे लाज वाटणार नाही असं मला वाटलं होतं. कसलं काय! एवढ्या चार ओळी लिहितानाच कान तापलेत. तुझ्याशी मी असल्या शाळेच्या भाषेत कधी बोललो नाही, तेही कबूल. पण लिहायला बसलं की हात शाळेचाच चालतो, त्याला इलाज नाही.

तर सरळ सांगतो. आबांना वाटतं मी केनियात आहे. मी जळगावात आहे. रोज सकाळी डबा घेऊन कंपनीत जातो, संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन घरी येतो, आणि आठवड्यातून दोनतीनदा गॅलरीत उभा राहून गावी, सोनगीरला, आबांना फोन लावतो आणि सांगतो की आबा, इथं केनियात औंदा पाऊस बरा आहे. दोन उन्हाळे गेले असे. आता हे सगळं आबांना खरं सांगून टाकायचं आहे. तेवढंच एक काम माझ्यापुढे आहे. बाकी सगळी कामं होतात, तेवढं होत नाही.

आधी हे खोटं नव्हतं, हे तरी तू ऐकून घे. कंपनी ठिबकच्या नळ्या करते आणि त्या तिकडे विकते. नळ्या विकल्या की त्या अंथरायच्या कशा, पाणी किती सोडायचं, फिल्टर कधी धुवायचा, हे दाखवायला इथला माणूस जातो. तो माणूस मी होतो. वर्षातून दोनदा-तीनदा जायचो, महिना-दीड महिना राहायचो. आबा पारावर बसून सांगायचे, "मना पोऱ्या आफ्रिकामा शे. तठला लोकसले पानी देवानं शिकाडस." गावात कुणाला केनिया कुठं आहे ठाऊक नव्हतं, आबांनाही नव्हतं, पण पाणी देणं सगळ्यांना ठाऊक होतं. मग कंपनीनं तिकडचीच पोरं कामाला घेतली. चांगली शिकलेली, हुशार पोरं, त्यातली बरीचशी मीच तयार केलेली. माझे दौरे बंद झाले. मला इथं प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसवलं. पगार तोच, खुर्ची चांगली, वर पंखा. वाईट काहीच झालं नाही, माय. नोकरी गेली असती तर निदान सांगण्यासारखं काही असतं.

शेवटच्या दौऱ्यावरून आलो त्याच आठवड्यात आबांना सांगणार होतो. फोन लावला. आबांनी उचलला आणि म्हणाले, "जेवना का रे भाऊ?" बस. तिथं मी घसरलो.

आता तुला आबांचा आवाज काय सांगायचा? तू तर जन्म काढलास त्या आवाजाखाली. बैल आणि पोरं यांच्यात त्यांनी कधी भेद केला नाही, दोघांना एकाच सुरात हाकललं. मी बारावीत बरे मार्क घेऊन आलो तेव्हा "मंग काय नाचू?" म्हणाले होते. माझ्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले होते, चप्पल नीट ठेवली नाही म्हणून. तेव्हा मी नवरदेव होतो गं! त्या माणसानं मला पहिल्यांदा केनियाला फोन केला, तो धाकट्या भावानं माझ्या नेहमीच्याच नंबरवर लावून दिलेला, आणि मी तांबड्या मातीच्या एका टेकाडावर नळीचा गुंडाळा घेऊन उभा आहे, आणि कानात आवाज येतो, "जेवना का? तठे थंडी शे का? अंगावर घेत जाय काहीतरी." मी फोन कानापासून लांब धरून बघितलं, नंबर आपल्याच घरचा आहे ना. आबा बोलत होते. हळू बोलत होते. समुद्रापलीकडे गेलेल्या पोरासाठी त्यांनी हा आवाज कुठंतरी जपून ठेवलेला होता, आणि जळगावातल्या पोराला तो कधी मिळाला नव्हता. जळगावातल्या पोराला "रविवारी काब्र नही उना?", का आला नाहीस, एवढंच मिळायचं.

म्हणून त्या दिवशी "जेवलो आबा" म्हणालो आणि पुढचं गिळलं. मग गिळत गेलो, आणि या वेळी कंपनीनं इथंच ठेवून घेतलंय असं सांगत गेलो. आणि फक्त आवाजाचंच नाही, तेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल पोरगं बिचारं मायेचं भुकेलं. त्यात सोयही होती. केनियातल्या माणसाला रविवारी सोनगीरला जाऊन आबांच्या गुडघ्यांसाठी धुळ्याच्या डॉक्टरकडे नंबर लावावा लागत नाही. भाऊबंदकीच्या बांधाच्या भांडणात बसावं लागत नाही. लग्नसराईत गावोगाव आहेर घेऊन फिरावं लागत नाही. ते सगळं धाकटा करतो आणि वर म्हणतो, "दादा तिकडे एकटा आहे, त्याला कशाला त्रास." हे ऐकताना मी सोफ्यावर पाय पसरून बसलेला असतो. एकदा तर चुलतभाऊ नळ्या बघायला कंपनीत आला. हॉलच्या काचेतून मला तो दिसला, धोतरात नव्हता तरी चालीवरून ओळखला. मी सगळ्या शेतकऱ्यांना फळ्यासमोर बसलेलं सोडून संडासात जाऊन कडी लावली आणि तो जाईपर्यंत आत उभा राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं. बाहेर आलो तर शिपाई विचारतो, "साहेब, पोट बिघडलं का?" हो म्हटलं. एकदा सवय लागली की हे असं कुणालाही हो म्हणता येतं.

घड्याळाचं निमित्त झालं ते असं. उन्हाळ्यात एका संध्याकाळी आबांनी विचारलं, "तठे आते किती वाजनात?" मी गॅलरीतून आत भिंतीकडे बघितलं आणि म्हणालो, "साडेसात."  मग आबा म्हणाले, "साडेसात ते आठे वाजनात." म्हणजे इथं, आपल्याकडे.  केनिया आपल्या अडीच तास मागे, म्हणजे तिथं पाच वाजले असायला हवेत, हे आबांना पाठ होतं, आणि मी, मी तिथं राहून आलेला! मी काहीतरी सारवासारव करणार तेवढ्यात तेच हसले. हसले, माय. म्हणाले, "दमी ग्या व्हशी तू. आराम कर." माझं खोटं त्यांनी माझ्या दमण्यावर घातलं. एखाद्या धड माणसानं त्या क्षणी सांगून टाकलं असतं. मी दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानात गेलो.

दुकानदार वयानं मोठा, बोलका. दोन वेळांचं घड्याळ पाहिजे म्हटल्याबरोबर खूश झाला. "परदेश दौरा?" म्हणाला. हो म्हटलं. "कुठं?" केनिया म्हटलं. तिथं सिंह उघडे फिरतात का हो, म्हणाला. फिरतात म्हटलं. त्यानं आधी एक देखणं घड्याळ काढलं, तीन काटे नेहमीचे आणि वर एक लाल काटा. तो लाल काटा म्हणे घरची वेळ दाखवतो, दिवसभरात एकच फेरी मारतो. म्हटलं लावून दाखवा. त्यानं चावी ओढून फिरवली तर लाल काटा तासातासाच्या उड्या मारायला लागला. दोन तासांवर गेला, तीन तासांवर गेला, अडीचवर काही थांबेना. दुकानदार म्हणाला, "हा आपल्याकडचा घोळ आहे साहेब. जगाचं सगळं तासात चालतं, आपला अर्धा तास मध्येच लटकतो. दुबईवाले घेऊन जातात आणि परत आणून देतात. तुम्ही अंदाजानं समजून घ्या ना." म्हटलं, अंदाज नको. खरं बोलणारा माणूस "असतील पाच-साडेपाच" म्हणून सुटतो गं. खोटं बोलणाऱ्याला अंदाज परवडत नाही.

मग हाताच्या हालचालीवर चालणारं एक दाखवलं, भारीतलं. ते दोन दिवस काढून ठेवलं की बंद पडतं. मी रोज घालणार नाही म्हटलं तर म्हणाला, "मग सेलवालंच घ्या, कपाटात ठेवलं तरी आपलं चालत राहतं." हे बरं वाटलं. पुढे आकड्यांचं एक होतं, त्यात सगळ्या जगातली शहरं भरलेली, बटण दाबलं की शहर बदलतं. पण बटण दाबलं की ते टीक करतं. आबांचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. तेही नको. शेवटी त्यानं हे काढलं. एका डबीत दोन मशिनं. मोठी तबकडी एक, तिच्या पोटात छोटी तबकडी एक, दोघींना वेगळा सेल, वेगळी चावी. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. छोटीवर अडीच तास काय, हवा तो फरक ठेवा. चष्म्याशिवाय दिसतं, आवाज नाही, फोनवर बोलता बोलता नुसती मान खाली घातली की झालं. मी सवयीनं ते कानाला लावलं. दुकानदार हसला, "साहेब, चावीचं नाही ते. काय ऐकताय?"

तुझ्यामुळे ऐकत होतो. दहावीनंतर तू मला धुळ्याला नेलंस, आग्रा रोडवरच्या त्या अरुंद दुकानात. तू एकेक घड्याळ उचलतेस, डोक्यावरचा पदर मागे सारून कानाला लावतेस आणि खाली ठेवतेस. दुकानदार कंटाळलाय, मी मेल्याहून मेल्यासारखा झालोय, आणि तुझं चाललंच आहे. मग एकाला म्हणालीस, हे घे, हे धपापत नाही. ते घड्याळ मी इतकं मिरवलं की विचारू नकोस. त्याच आठवड्यात आत्या आली होती. चुलीपाशी बसून ती आपल्या सासरचं काही सांगत होती, रडत होती बहुतेक, आणि मी तिच्यासमोर बसून दर दोन मिनिटांनी मनगट वळवून बघतोय. तू भाकरी तव्यावर टाकता टाकता माझ्या हातावर उलथनं मारलंस. गरम होतं. "माणूस समोर बसेल शे नि तू घड्याय काय देखस?" आता मी आबांशी बोलतो तेव्हा पूर्ण वेळ घड्याळच बघत असतो. ते काय म्हणतात ते अर्धं ऐकतो. छोट्या तबकडीत किती वाजले आणि त्या वेळेला मी तिथं काय करत असायला हवा, हेच डोक्यात.

दुकानातून निघताना गंमत झाली. गंमत कसली, फजिती. दुकानदार वेळ लावायला बसला आणि म्हणाला, "मोठ्यावर तिथलं लावतो, छोट्यावर घरचं. माणूस जिथं असतो तिथलं मोठं." परवा निघतोय असं मी सांगून बसलो होतो, नाही कसं म्हणणार? लावा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी तबकडी बघून मी निवांत दाढी केली, निवांत पोहे खाल्ले, आणि हॉलमध्ये पोचलो तर शेतकरी अर्धे उठून चहाला गेलेले. संध्याकाळी बायकोला हे सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "केनियाहून यायचं म्हणजे उशीर व्हायचाच." आणि भाजी चिरत राहिली. मग मी तबकड्या उलट्या लावून घेतल्या.

बायकोचं सांगायला हवं. तिचा काही दोष नसताना ती यात अडकलीय. सोनगीरला काही कार्य असलं की थोरली सून म्हणून तिला जावंच लागतं, आणि तिथं सगळे तिला विचारतात, कसा आहे, कधी येणार, तिकडे जेवणाचे हाल होतात का. ती खोटं बोलायला लागली की कानाच्या पाळ्या लाल होतात. श्रावणात कानबाईच्या सणाला ती गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "चला ना. सुट्टी मिळाली म्हणून सांगू." मी म्हणालो, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी हे करणार नाही. एकतर तुम्ही या, नाहीतर मीही जाणार नाही, आणि का आले नाही ते तुम्ही सांगा." त्या रविवारी घरात मी एकटा. टीव्ही लावला, बंद केला. आबांचा फोन आला. मागून बायकांची गाणी ऐकू येत होती. "बठ्ठा उनात रे भाऊ," आबा म्हणाले. "तूच नही. पन तुन्या नावनी मूठ टाकी मी." मी तबकडी बघून, तिथं दुपार आहे हे लक्षात ठेवून म्हणालो, "आत्ता जेवायलाच बसतोय आबा." माझ्या पुढ्यात कालची खिचडी होती, तीही मी खाल्ली नाही.

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी काढलेल्या गव्हात मूठ घालायची, लांब असलेल्याच्या नावानंही घालायची, हे तू करायचीस. तू मूठ घालताना ओठ हलायचे तुझे, आम्ही विचारलं तर सांगायची नाहीस. तू गेल्यापासून आबा स्वतः घालतात. मी खरोखरीच लांब होतो तेव्हा त्या मुठीचा मला अभिमान वाटायचा. या वर्षी ती मूठ मी चोरल्यासारखी वाटली.

आणि तेव्हा मामा आठवला. तुला वाटलं असेल पोरं विसरली. आखाजीच्या सणाला तुला माहेरी न्यायला मामा येणार होता, तसा निरोप होता. तू पहाटेपासून पिशवी भरून ओट्यावर बसलेली, ठेवणीतलं लुगडं नेसून. हायवेवर एसटी थांबली की तू उठून उभी राहायचीस, परत बसायचीस. मी तुझ्या शेजारी. दुपारी कुणाच्या तरी हाती निरोप आला, काम निघालं, येणं होत नाही. दोन दिवसांनी गावातला एक जण धुळ्याहून आला आणि हसत हसत सांगून गेला की त्याच दिवशी मामा त्याला धुळ्यात भेटला, मित्रांबरोबर सिनेमाच्या रांगेत होता. मी म्हणालो, मामा खोटारडा आहे. तू पिशवीतून लुगडी काढून पेटीत ठेवत होतीस. मागे वळलीसुद्धा नाहीस. "काम व्हई त्याले," म्हणालीस. मला इतका राग आला होता तुझा! मामाचा नाही, तुझा, की तू त्याला सांभाळून का घेतेस. आबांनी उन्हाळ्यात "दमी ग्या व्हशी" म्हटलं तेव्हा मी तोच मामा झालो होतो. मी त्या दिवशी ओट्यावर तुझ्या शेजारी बसलेला होतो, वाट बघणाऱ्याचं काय होतं ते मी जवळून बघितलं होतं, तरीही झालो. मामाला निदान हे कुणी दाखवलं नव्हतं.

बायको सोमवारी कानबाईला निरोप देऊन परत आली. पाणी प्यायली, पाय धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय." मला कळलं नाही. म्हटलं, जुनं बंद पडलं का? "जुनं आहे. त्याच्या शेजारी नवीन लावलंय. धाकट्या भाऊजींना उन्हाळ्यातच धुळ्याहून आणायला लावलं. त्यावर तिथली वेळ ठेवलीय. तुमच्या झोपेत फोन लागायला नको म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, हे आमचं आणि हे त्याचं." मग आत जाता जाता म्हणाली, "मी त्या घड्याळाखाली बसून रोट लाटले. परत मला पाठवू नका."  माझ्या हातावर तीच वेळ होती. बापानं आणि लेकानं एकाच उन्हाळ्यात एकच वस्तू घेतली होती, त्यांनी माझी झोपमोड होऊ नये म्हणून आणि मी पकडला जाऊ नये म्हणून.

पोळ्याला मी गाडी घेऊन सोनगीरला गेलो. बायकोला म्हटलं, सांगून येतो. ती म्हणाली, "सांगूनच या." सुट्टी मिळाली असं कळवलं होतं, त्यामुळे आबा हायवेच्या फाट्यावर येऊन उभे होते, काठी घेऊन, ते गुडघे घेऊन. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. घरी आलो, चहा झाला, आणि मी जरा टेकलो तोवर बाहेरून आवाज आला, "गाडी आठे काब्र लाई? ट्रॅक्टर कथाईन निंघी? अक्कल शे का नही?" तोच, जुना. मी उठून गाडी काढली. मग बैलाच्या शिंगाला रंग नीट लावला नाही म्हणून बोलले. मग भाकरी कमी खाल्ली म्हणून, मग जास्त वेळ आंघोळीला लावला म्हणून. दुपारपर्यंत मी पुन्हा बारावीतला झालो होतो. धाकट्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. त्या हसण्यात मजा होती, मलाही आली असती, पण मी फक्त मनात वाक्य जुळवत होतो. आबा, मी आता तिकडे जात नाही. एवढंच वाक्य. आबा, मी जळगावातच असतो.

निघायच्या वेळी आबा मला आत घेऊन गेले. दोन घड्याळं शेजारी शेजारी, एकाचा खिळा जरा खाली झालेला. त्यांनी माझा हात धरून बाही मागे सारली, छोट्या तबकडीकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, मग परत हाताकडे. "बरोबर शे," म्हणाले, "एक मिनिट भी फरक नही." एवढा आनंद झाला होता त्यांना. दोन्ही घड्याळं आपापल्या जागी इतकी प्रामाणिक चालत होती की मला तिथं जमिनीत जावंसं वाटलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "आते तू येल शे. हाई काढी टाकू का? का परत जाशी?"

याहून सोपं करून कुणी काय देणार, माय? मला वाक्यसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं "काढा" म्हणायचं होतं. पण काढा म्हटलं की उद्यापासून मी जळगावचा. उद्यापासून गाडी काब्र लाई. आबांचा हात अजून माझ्या मनगटावर होता, हळूच धरलेला, परदेशी जाणाऱ्याचा धरतात तसा. मी म्हणालो, "राहू द्या, आबा. जावं लागेल परत."

त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं. "बरं," म्हणाले. "संभाळीसन ऱ्हाय." फाट्यापर्यंत परत गाडीच्या बाजूनं चालत आले. मी नको म्हणत होतो, तरी आले, आणि गाडी धुळ्याच्या दिशेला वळेपर्यंत उभे होते. जळगावला पोचलो तर बायकोनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत वळली. ताट वाढलं. तेव्हापासून ती या विषयावर एक अक्षर बोललेली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

हे मी तुला लिहितोय, कारण तू उलटून विचारणार नाहीस. आणि लिहून झालं की मी हे कागद फाडणार आहे, हेही मला माहीत आहे. जे आबांना सांगायचं ते तुला सांगून मोकळं व्हायचं, हीसुद्धा एक पळवाटच. सगळं तुला सांगितलं, पण एक बाकी आहे, आणि ते आजचंच आहे. मघाशी आबांचा फोन आला होता. त्यांनी तेच विचारलं, हळू आवाजात, "जेवना का रे भाऊ?" आणि माय, मी जेवलो नव्हतो. आत ताट वाढलेलं होतं, बायको वाट बघत बसली होती. नाही म्हणता आलं असतं, त्यात काही पकडलं जाणार नव्हतं. पण मी 'नाही' म्हणालो नाही. हो म्हणालो, आणि त्याच आवाजात आणखी दोन शब्द विचारतील या आशेनं फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.